अरॅबिनोज टाकलं तरी फ्लास्क चमकंना: पीबॅड प्रमोटरच्या कामात दरवर्षी येणारी अडचण

जानेवारी संपत आला की आमच्या प्रयोगशाळेच्या दारात एकच वाक्य ऐकू येतं. "मॅडम, चमकंना की!" एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला लागलेली असतात, आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या वाट्याला पीबॅड आलेला असतो. पीबॅड म्हणजे ई. कोलाय या जिवाणूचा, अरॅबिनोज या साखरेवर चालणारा प्रमोटर, म्हणजे पुढचा जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा. त्याच्या पुढे जेलीफिशचं हिरवं प्रोटीन, म्हणजे जीएफपी जोडलेलं. अरॅबिनोज टाकायचं, चार तास थांबायचं, अतिनील दिव्याखाली फ्लास्क धरायचा आणि हिरवा उजेड बघायचा. कागदावर इतकं सोपं. लातूरच्या या खोलीत मी हे बारा वर्षं शिकवतेय, आणि दरवर्षी निम्म्या मुलांचा पहिला फ्लास्क काळोखाच निघतो.

आणि दरवर्षी मुलांचा पहिला संशय प्लाझ्मिडवर, म्हणजे हा प्रमोटर आणि जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावर. "प्लाझ्मिड खराब आलंय", "म्युटेशन झालं असेल", "नवीन मागवू या". नवीन मागवायचं म्हणजे तीन आठवडे आणि विभागाच्या तुटपुंज्या निधीतले पैसे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा प्लाझ्मिड निर्दोष असतं. दोष साखरेच्या हिशोबात असतो. अरॅबिनोज आपल्यासाठी बटण आहे, पण जिवाणूसाठी ते अन्न आहे. आणि फ्लास्कमध्ये त्याहून आवडीचं अन्न असेल तर तो आपल्या बटणाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून माझा मुलांना पहिला प्रश्न असतो: फ्लास्कमध्ये कुठकुठल्या साखरा आहेत, आणि त्या कोण खातंय?

पण त्याआधी एक फाटा फोडून घ्या, नाहीतर दोन वेगळ्या आजारांना एकच औषध द्याल. फ्लास्क चमकत नाही याचा अर्थ प्रोटीन बनलंच नाही असा होत नाही. थोडं कल्चर सेंट्रिफ्यूज करा, पेशी उकळून एसडीएस-पेज जेलवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या) चालवा, शेजारी अरॅबिनोज न टाकलेल्या पेशी ठेवा. जीएफपी साधारण २७ किलोडाल्टनचं आहे. त्या जागी ठसठशीत पट्टा दिसला आणि तरी उजेड नाही, तर प्रोटीन बनलंय पण नीट घडी पडलेली नाही. हा तापमानाचा किंवा हवेचा प्रश्न, त्याबद्दल पुढे सांगते. पट्टाच नसेल, तर साखरेचा प्रश्न. जेलला एक दिवस जातो, पण हा दिवस वाचवणारी मुलं नंतर महिना घालवतात हे मी पाहिलंय.

काकवीचा फ्लास्क

दोन वर्षांपूर्वी निलंगा तालुक्यातल्या एका मुलीनं स्वस्त माध्यमाचा प्रोजेक्ट घेतला. घरचा ऊस, शेजारी गुऱ्हाळ. ती काकवीची बाटलीच घेऊन आली. एलबी या नेहमीच्या माध्यमात २ टक्के काकवी घालून जिवाणू वाढवायचे, मग अरॅबिनोज टाकून जीएफपी काढायचं, म्हणजे खर्च कमी. कल्पना मला मनापासून आवडली. आपल्या भागातल्या मुलांनी आपल्या भागातली वस्तू घेऊन काम करावं असं मला फार वाटतं.

वाढ जोरदार झाली. अरॅबिनोज टाकलं, चार तास गेले, फ्लास्क काळाच. आमच्याकडे नोटा तपासायचा निळा दिवा आहे, बाजारात मिळतो तो. जीएफपी बघायला पुरतो. ती म्हणाली, काकवीचा रंगच इतका गडद आहे की हिरवं दिसणार कसं? प्रश्न बरोबर होता. मग आम्ही २ मिली कल्चर फिरवलं, वरचं पाणी टाकून दिलं, पेशी सलाईननं दोनदा धुतल्या आणि ट्यूबच्या तळाशी बसलेला गोळा दिव्याखाली धरला. मळकट पांढरा. शेजारी नुसत्या एलबीत वाढवलेल्या पेशींचा गोळा धरला, तो कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा हिरवागार. प्लाझ्मिड तेच, जिवाणू तेच, अरॅबिनोजही एकाच बाटलीतलं.

फरक होता तो ग्लुकोजचा. काकवीत मुख्य साखर सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची. पण थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतंच, आणि काकवी थोडी आंबट असल्यामुळे ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत आणखी थोडं सुक्रोज फुटून त्यांत भर पडते. आपल्या प्रयोगशाळेतल्या ई. कोलायच्या नेहमीच्या के-१२ घराण्यातल्या जाती सुक्रोज खात नाहीत. ते फ्लास्कमध्ये तसंच पडून राहतं, काही बिघडवत नाही. बिघडवतं ते ग्लुकोज.

कसं, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पाठांतर लागत नाही. पीबॅडवर अरा-सी नावाचं प्रोटीन पहारा देतं. अरॅबिनोज नसताना ते डीएनएवर एकमेकांपासून सुमारे २१० बेस-जोड्या दूर असलेल्या दोन जागा दोन हातांनी धरतं आणि मधल्या डीएनएचा फास करून प्रमोटर बंद ठेवतं. अरॅबिनोज येऊन चिकटलं की ते दूरची जागा सोडून शेजारची धरतं, फास सुटतो आणि आरएनए पॉलिमरेजला जागा मिळते. पण एवढ्यानं भागत नाही. सीआरपी नावाचं दुसरं प्रोटीनही तिथं बसावं लागतं, आणि ते सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू असल्याशिवाय बसत नाही. पेशीला ग्लुकोज मिळत असतं तोवर सायक्लिक एएमपी कमी असतं, शिवाय अरॅबिनोज आत आणणारे वाहकही पुरेसे बनत नाहीत. म्हणजे एका दाराला दोन कुलपं. आपण एकाची किल्ली फिरवत बसतो आणि दुसरं ग्लुकोजनं घातलेलंच असतं.

त्या मुलीचा प्रोजेक्ट वाया गेला नाही. काकवीत पेशी भरपूर वाढवायच्या, फिरवून धुवायच्या, ताज्या एलबीत ०.२ टक्के अरॅबिनोजसह सोडायच्या. असं केल्यावर तीन तासांत गोळा हिरवा झाला. काकवी पेशी वाढवायला उत्तम आहे. साखरेच्या बटणासोबत एकाच भांड्यात ठेवायला नाही.

ग्लुकोज संपलं का हे बघायला आम्ही मेडिकलमधली लघवीतली शुगर तपासायची पट्टी वापरतो. पेशी खाली बसवून वरच्या पाण्यात बुडवायची. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं, त्यामुळे ती ग्लुकोजच ओळखते, अरॅबिनोजनं रंगत नाही. बेनेडिक्टचं द्रावण इथं उपयोगाचं नाही, कारण अरॅबिनोज स्वतःच त्याला तांबडं करतं. एक लक्षात ठेवा: पट्टी कोरी निघाली म्हणजे ग्लुकोज शून्य असं नाही. ०.०५ ते ०.१ टक्क्याच्या खालचं तिला दिसत नाही, आणि तेवढंही त्रास देऊ शकतं. म्हणून पट्टी कोरी झाल्यावरही पेशी धुऊन घ्या.

काकवी न वापरणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. ग्लुकोज चोरवाटेनं येतं. एलबीत साखर जवळजवळ नसतेच, पण ट्रान्सफॉर्मेशनसाठी, म्हणजे पेशीत प्लाझ्मिड घालण्यासाठी, बनवलेल्या एसओसी माध्यमात २० मिलिमोलर, म्हणजे जवळपास ०.३६ टक्के ग्लुकोज असतं. एसओसी उरलंय म्हणून त्यातच कल्चर वाढवणारे मी पाहिलेत. दुसरी वाट म्हणजे रात्रीचं कल्चर. प्रमोटर रात्रभर गळू नये, म्हणजे बटण न दाबताच थोडं प्रोटीन बनू नये, म्हणून त्यात १ टक्का ग्लुकोज घालणं ही चांगली सवय आहे. पण सकाळी घाईत त्याचं एकास दहा पातळ केलं, तर ग्लुकोजही मागोमाग येतं. एकास शंभर करा, नाहीतर धुऊन घ्या.

संध्याकाळी हिरवं, सकाळी फिकं

ही तक्रार वेगळी. प्रोटीन येतं, पण टिकत नाही. इथं ट्यूबवर लिहिलेलं जिवाणूचं नाव वाचा. बहुतेक वेळा डीएच५-अल्फा असतो. क्लोनिंगसाठी तोच हाताशी असतो, आणि मुलं त्याच्यातच पुढचं कामही करून टाकतात. डीएच५-अल्फाचे अरॅबिनोज पचवायचे जीन शाबूत आहेत. तुम्ही ०.२ टक्के अरॅबिनोज देता, तो काही तासांत ते खाऊन टाकतो, आणि बटण आपोआप बंद होतं. जीएफपी टिकाऊ म्हणून थोडंफार दिसत राहतं. नाजूक प्रोटीन असेल तर सकाळी काहीच हाती लागत नाही.

यासाठी अरॅबिनोज खाऊ न शकणारी जात हवी. टॉप-१०, एलएमजी-१९४, किंवा शाळा-कॉलेजच्या प्रात्यक्षिकांत वापरली जाणारी एचबी-१०१. या अरॅबिनोज आत घेतात, पण पचवू शकत नाहीत, त्यामुळे बटण दाबलेलं राहतं. फ्रीजरमधल्या डब्यावरच्या नावावर विश्वास नसेल (आमच्या डब्यावरची निम्मी नावं पुसली गेली आहेत) तर लॅक्टोज नसलेल्या मॅककॉन्की आगरमध्ये १ टक्का अरॅबिनोज घालून रेघ ओढा. खाणाऱ्या जातीच्या वसाहती दुसऱ्या दिवशी लाल, न खाणाऱ्या फिक्या.

बाटलीवरचं एक अक्षर

हे लिहायला मला अजून वाईट वाटतं. एका वर्षी तीन मुलांचे दीड महिने गेले. जिवाणूची जात बदलली, माध्यम बदललं, प्लाझ्मिड पुन्हा काढलं. शेवटी एका संध्याकाळी मी कपाटातून अरॅबिनोजची बाटली काढून खिडकीपाशी नेऊन वाचली. डी-अरॅबिनोज. ऑर्डर देताना अक्षर सुटलं आणि जी स्वस्त होती ती आली. अर्ज माझ्याच सहीचा होता.

पीबॅडला एल-अरॅबिनोज लागतं. दोघांचं सूत्र एक, वजन एक, पांढरी पूडही सारखीच. फरक उजव्या आणि डाव्या हाताचा. अरा-सी एकच हात ओळखतं. बहुतेक साखरा निसर्गात डी रूपात असतात, त्यामुळे मुलांच्या हाताला डी लिहायची सवय असते. अरॅबिनोज मात्र निसर्गात मुख्यतः एल रूपात मिळतं. त्याचं नावच गम अरेबिकवरून पडलंय, आणि आपल्या बाभळीच्या डिंकातही ते असतं. मी मुलांना सांगते, डिंकाचा लाडू आठवा आणि एल लिहा. डिंक मात्र फ्लास्कमध्ये टाकू नका. त्यातलं अरॅबिनोज लांब साखळीत बांधलेलं असतं, ई. कोलायला ते सोडवता येत नाही.

साठ्याचं द्रावण २० टक्के करा: २ ग्रॅम एल-अरॅबिनोज, पाण्यानं १० मिली. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह करू नका, साखर तपकिरी पडते. ५० मिली कल्चरला ०.५ मिली टाकलं की ०.२ टक्के झालं. ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.५ च्या आसपास असताना टाकायचं.

थोडं अरॅबिनोज, थोडं प्रोटीन?

ज्यांचं प्रोटीन पेशीला विषारी आहे, किंवा गोळे होऊन बसतं, ती मुलं हिशोबानं अरॅबिनोज कमी करतात. ०.२ ऐवजी ०.००२ टक्के. जेलवर पट्टा फिका येतो, मुलं खूश होतात: प्रत्येक पेशीनं थोडं थोडं बनवलं. पण गोळे तसेच राहतात, आणि मग कोडं पडतं.

आपल्याकडच्यांना हे समजावणं सोपं आहे. गावात व्होल्टेज कमी असलं की सगळ्या घरांतले बल्ब मिणमिणतात. लोडशेडिंगमध्ये वरच्या आळीत लख्ख उजेड आणि खालच्या आळीत अंधार. दूर डोंगरावरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा गाव सारखंच मंद दिसेल. जेल म्हणजे तो डोंगर. कमी अरॅबिनोजवर पीबॅडचं होतं ते लोडशेडिंग. काही पेशी पूर्ण पेटलेल्या, बाकीच्या पूर्ण विझलेल्या; अरॅबिनोज कमी केलं की पेटलेल्या पेशींची संख्या कमी होते, त्यांचा उजेड नाही. सीगल आणि हू यांनी १९९७ साली हे पीबॅडच्या प्लाझ्मिडांवर दाखवलं. लॅक्टोजच्या व्यवस्थेत अशीच गोष्ट नोविक आणि वायनर यांनी १९५७ मध्येच मांडली होती.

कारण पुन्हा साखरेच्या वाटेतच आहे. अरॅबिनोज आत आणणारे वाहक स्वतःच अरॅबिनोज आल्यावर बनतात. ज्या पेशीत योगायोगानं चार वाहक आधीच असतात तिच्यात थोडं अरॅबिनोज शिरतं, त्यानं आणखी वाहक बनतात, आणखी शिरतं, आणि ती भडकते. शेजारणीकडे वाहकच नाहीत, ती कोरडी राहते. यावर उपाय म्हणजे अराई हा वाहक अरॅबिनोजशिवायही कायम बनत राहील अशी बांधणी केलेली जात. ती नसेल तर अरॅबिनोज पूर्ण द्या आणि तापमान खाली आणा, किंवा रॅम्नोज या दुसऱ्या साखरेवर चालणाऱ्या प्रमोटरवर जा. तो सावकाश चढतो आणि मात्रेप्रमाणे बऱ्यापैकी कमी-जास्त करता येतो. ग्लुकोजची भानगड मात्र त्यालाही आहे.

स्लाइडवर एक थेंब घेऊन फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघाच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हिरव्या काड्यांच्या मधोमध काळ्या काड्या, अगदी चिकटून असलेल्या, आणि मी खुर्चीवरून उठलेच नाही अर्धा तास.

पट्टा आहे पण उजेड नाही: आपल्या उन्हाळ्याची गोष्ट

फेब्रुवारीपर्यंत नीट चाललेला प्रयोग एप्रिलमध्ये बंद पडतो, तेव्हा आधी पंख्याकडे बघा. आमच्याकडे, आणि बहुतेक लहान कॉलेजांत, शेकर-इन्क्युबेटरला फक्त हीटर असतो, थंड करायची सोय नसते. खोलीच ४० अंशावर असेल तर बटण ३० वर फिरवून उपयोग शून्य. मोटरची उष्णता आणखी वरून. काचेच्या फ्लास्कमध्ये पाणी भरून त्यात थर्मामीटर बुडवा, शेकर तासभर चालवा आणि वाचा. आम्ही मागच्या एप्रिलमध्ये वाचलं तेव्हा डिस्प्लेवर ३० आणि पाण्यात ४१. इतक्या उष्णतेत जीएफपी बनतं पण त्याची घडी चुकते, ते गोळे होऊन बसतं. जेलवर पट्टा, दिव्याखाली अंधार.

त्या दिवसांत आम्ही अरॅबिनोज रात्री दहाला टाकतो आणि पहाटे चार-पाचला पेशी काढतो. खोलीला कूलर लावतो. तेही जमत नसेल तर बादलीत पाणी आणि बर्फ घालून, त्यात फ्लास्क ठेवून, हातानं अधूनमधून हलवत २५ अंशाच्या जवळ ठेवलेले प्रयोगही आमच्याकडे यशस्वी झालेत. कष्टाचं आहे, पण होतं.

वीज गेली की शेकर थांबतो, आणि हवा तुटते. जीएफपीचा रंगकण पक्का व्हायला ऑक्सिजन लागतो. फ्लास्क पाचव्या हिश्शाहून जास्त भरू नका, आणि वीज जाऊन आल्यावर लगेच निकाल लावू नका. पेशींचा गोळा झाकण उघडं ठेवून तासभर ठेवा. पुष्कळदा डोळ्यांदेखत हिरवा होतो. वीज परत आल्यावर शेकर आपोआप सुरू होतो का आणि तुमचं तापमान लक्षात ठेवतो का, हेही एकदा मुद्दाम प्लग काढून तपासा.

लॅक्टोजवाल्यांसाठी थोडक्यात

पीईटी हे लॅक्टोजच्या बटणावर चालणारं प्लाझ्मिड वापरणाऱ्यांची तक्रार बहुधा उलटी असते: आयपीटीजी (लॅक्टोजच्या जागी टाकायचं रसायन) टाकलंच नाही तरी पट्टा येतो. ट्रिप्टोन दुधातल्या केसिनपासून बनतं, आणि काही बॅचमध्ये लॅक्टोजचा अंश राहतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमध्ये तेवढ्यानंही प्रमोटर गळतो. रात्रीच्या कल्चरमध्ये ०.५ ते १ टक्का ग्लुकोज घाला, इथं ग्लुकोज आपल्या बाजूनं आहे. आणि पीईटी डीएच५-अल्फामध्ये ठेवून प्रोटीनची वाट बघू नका. त्यात टी-७ पॉलिमरेजच नाही, बीएल२१ डीई३ लागतो. एकाच पेशीत पीबॅड आणि लॅकचा प्रमोटर दोन्ही ठेवलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं की आयपीटीजी पीबॅडला मागे ओढतं.

हे सगळं तपासून झालं, एल-अरॅबिनोज हातात आहे, जात न खाणारी आहे, ग्लुकोज नाही, पाणी खरोखर ३० अंशावर आहे, आणि तरी जेल कोरं आहे, तर आता प्लाझ्मिडकडे वळा. आधी ते पेशीत आहे का ते बघा: कल्चर पातळ करून अँपिसिलिन (प्लाझ्मिड असलेल्या पेशीच ज्यात जगतात ते अँटिबायोटिक) असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन प्लेटांवर सारखंच पसरा आणि वसाहती मोजा. अँपिसिलिनच्या प्लेटवर खूप कमी आल्या तर पेशींनी प्लाझ्मिड टाकून दिलंय. जुन्या प्लेटवरची, कडेला बारीक वसाहतींचा गराडा पडलेली वसाहत उचलली की हे हमखास होतं. ताजं ट्रान्सफॉर्मेशन करा, ताजी वसाहत घ्या. संख्या सारखी आली तर प्लाझ्मिड काढून रिस्ट्रिक्शन एन्झाइमनं कापून बघा, आणि तुकडे बरोबर आले तर प्रमोटरपासून जीनच्या शेवटापर्यंत सिक्वेन्सिंगला पाठवा. नवीन प्लाझ्मिडचा अर्ज माझ्याकडे त्या निकालाचा कागद जोडूनच आणायचा असतो.